पिशवी काढली, पिशवी लागली : इंदूरच्या एका हॉस्पिटलचा आणि दवा बाजारातल्या एका दुकानाचा रिव्ह्यू

गूगलवर या हॉस्पिटलचे रिव्ह्यू वाचायला बसलं तर अर्धे "बेस्ट डॉक्टर, सुपर स्टाफ" आणि उरलेले अर्धे "पार्किंग नाही". आमच्या बाबांची पोटातली लघवीची पिशवी (ब्लॅडर) कॅन्सरमुळे ऑपरेशनने काढायची होती, तिच्याऐवजी पोटावर बाहेरून बॅग लागणार होती, आणि मी रात्री २-२ वाजेपर्यंत शोधत होते की कोणीतरी लिहिलेलं असेल की घरी आल्यावर काय होतं, गादी ओली झाली तर काय करायचं, माणूस मांडी घालून जेवायला बसू शकतो का. काही नाही. पार्किंग नाही एवढंच कळलं. म्हणून मी लिहितेय, लांब होणार आहे, ज्यांना गरज आहे ते वाचतील.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. चांगलं वाईट दोन्ही लिहायचंय आणि बाबांचं फॉलोअप अजून तिथेच चालू आहे, समजून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाबा ७२ वर्षांचे. मिल बंद पडेपर्यंत कापड मिलच्या रंगाई खात्यात होते, नंतर दुकानात हिशेब लिहायचे, आणि सिगरेट म्हणाल तर ३५ वर्षं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारले, सिगरेट किती आणि काम काय करायचात, आणि रंगाई म्हटल्यावर मान हलवली. तेव्हा आम्हाला कळलं की रंगातली काही केमिकल्स आणि तंबाखूचा धूर दोन्ही शेवटी रक्तातून किडनीत आणि तिथून लघवीत उतरतात, आणि लघवी तासनतास पिशवीत पडून असते. आम्ही तोपर्यंत समजत होतो सिगरेटचा संबंध फक्त फुफ्फुसाशी.

२०२३ च्या उन्हाळ्यात लघवीतून रक्त आलं. दुखत काही नव्हतं. बाबा म्हणाले उष्णता झाली, आईने धन्याचं पाणी सुरू केलं, आठवड्यात रक्त थांबलं सुद्धा आणि सगळे खुश. महिन्याने परत आलं. (कोणाला न दुखता लघवीत रक्त दिसलं, एकदाच का होईना, तर धन्याचं पाणी नंतर प्या, आधी सोनोग्राफी करा.) दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, रिपोर्ट आला की कॅन्सर आहे आणि पिशवीच्या मांसल थरात घुसलाय.

तेव्हा दोन रस्ते सांगितले होते. एक, सरळ पिशवी काढायची. दुसरा, गाठ दुर्बिणीतून जितकी निघेल तितकी काढायची आणि मग सिकाई (म्हणजे रेडिएशन) अधिक किमो एकत्र, म्हणजे पिशवी जागेवर राहते. बाबांची गाठ एकच होती, लहान होती, किडनीला सूज नव्हती, किडनीचं काम चांगलं होतं, म्हणून दुसरा रस्ता त्यांना मिळाला, सगळ्यांना मिळत नाही. साडेसहा आठवडे, ३२ वेळा सिकाई, दर आठवड्याला एक सलाईन सिस्प्लॅटिनची. त्या काळात लघवीला मिनिटामिनिटाला जायचे, जळजळ, थकवा, पण निभावलं. मग दर ३ महिन्यांनी दुर्बीण. त्याचा इतका कंटाळा की दिवाळीत बाबा म्हणाले या वेळची राहू दे. आईने राहू दिली नाही.

जानेवारी २०२५ च्या दुर्बिणीत परत दिसलं, आणि परत मांसातच. वरवरचं असतं तर खरवडून, पिशवीत बीसीजी (टीबीच्या लसीचंच औषध) सोडून बघता आलं असतं, पण हे आत गेलं होतं. सिकाई पुन्हा त्याच जागी देता येत नाही. मग एकच उरलं, पिशवी काढणे. याला ते सॅल्व्हेज म्हणतात. मी तो शब्द पहिल्यांदा फाईलवर वाचला तेव्हा मला भंगारातली गाडी आठवली.

आता रिव्ह्यूला सुरुवात.

सर्जनला पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल. पहिल्या भेटीतच त्यांनी सगळ्यात मोठं काम केलं. घरात तेव्हा रोज एकच चाललं होतं, "तेव्हाच काढली असती तर", आई मनात म्हणायची, पुण्याचा दादा फोनवर मोठ्याने म्हणायचा, आणि बाबा तर स्वतःलाच गुन्हेगार समजायला लागले होते कारण पिशवी ठेवायचा हट्ट त्यांचा होता. डॉक्टरांनी जुनी फाईल पूर्ण वाचली, पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण, आम्ही समोर बसलेलो आणि ते दहा मिनिटं बोलले नाहीत, मग म्हणाले, "अंकल, तब जो चुना वो गलत नहीं था." मग प्रिस्क्रिप्शनच्या मागे आकडे लिहून दाखवले. अमेरिका आणि कॅनडातल्या तीन मोठ्या सेंटरचा अभ्यास २०२३ साली आला होता, ७२२ पेशंट, त्यात पिशवी वाचवायचा उपचार घेतलेले २८२, आणि त्यातल्या ३८ जणांची पिशवी नंतर काढावी लागली, म्हणजे शंभरात १३. आणि कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याच्या बाबतीत दोन्ही रस्ते जवळपास सारखेच निघाले. "आप तेरह वालों में आ गए, बस." बाबा म्हणाले लॉटरी कधी लागली नाही ती इथे लागली. त्या दिवसापासून घरातलं "तेव्हाच" बंद झालं. दादाचं व्हायला अजून दोन फोन लागले.

दुसरी गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली की सिकाई झालेल्या पोटात ऑपरेशन म्हणजे वेगळं प्रकरण. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. मी आईला समजावलं की ओले पापड एकावर एक ठेवून वाळवले तर कसे होतात, सोडवायला गेलं की फाटतात, तसं. गुदाशय अगदी मागेच असतो, त्याला इजा होऊ शकते, जखम भरायला वेळ लागतो, सांधलेल्या जागी गळती होऊ शकते. आणि आतड्याची नवी पिशवी आत बनवून नेहमीच्या वाटेने लघवी, ते यांच्या बाबतीत नको म्हणाले, सिकाई झालेल्या जागी ती नीट चालेल आणि लघवीवर ताबा राहील याचा भरवसा कमी. म्हणून लहान आतड्याचा साधारण १५ सेंटीमीटरचा तुकडा घेऊन त्याला दोन्ही किडनीच्या नळ्या जोडायच्या आणि त्याचं दुसरं तोंड पोटावर उजवीकडे बाहेर काढायचं, त्यावर बॅग. लहान आतडं सिकाईने खराब निघालं तर मोठ्या आतड्याचा वरचा भाग वापरू, तो सिकाईच्या पट्ट्यात येत नाही, हेही आधीच सांगून ठेवलं. ही पद्धत १९५० पासूनची आहे, ब्रिकर नावाच्या अमेरिकन सर्जनची, म्हणजे बाबांपेक्षा जुनी. बाबांना हे ऐकून का कोण जाणे बरं वाटलं. रोबोटने करू का विचारलं तर म्हणाले करता येतं, पण तुमच्या केसमध्ये मला हात आत हवाय.

ऑपरेशन सात तास चाललं. पिशवी, प्रोस्टेट, आजूबाजूच्या लिम्फच्या गाठी सगळं काढलं. रक्ताच्या ३ बाटल्या लागल्या, दोन चुलतभाऊ आणि शेजारचा भिया देऊन आले. आयसीयूत दोन रात्री. या भागाबद्दल मला फार लिहायचं नाही, स्टाफ चांगला होता.

मग पोट चालू होईना. सहा दिवस गॅस पास नाही, पोट फुगलेलं, हिरव्या उलट्या, नाकातून नळी परत घातली. हे या ऑपरेशनात खूप जणांना होतं, कारण आतडं कापून जोडलेलं असतं आणि ते रुसून बसतं, पण हे कोणी आधी सांगितलं असतं तर आई देवघरात पाण्यात देव ठेवून बसली नसती. ड्यूटी डॉक्टर फक्त "वेट कीजिए". फिजिओवाल्या मुलीने च्युइंग गम आणायला सांगितलं, मला वाटलं चेष्टा करतेय, पण खरंच चघळल्याने आतड्याला निरोप जातो म्हणे की जेवण येतंय. ज्या माणसाने आम्हा भावंडांना लहानपणी च्युइंग गमवरून बोलणी दिली तो माणूस पलंगावर बसून दिवसातून चारदा गम चघळत होता. सातव्या दिवशी सकाळी बाबांनी खोलीत सगळ्यांसमोर आवाज केला आणि आईने अक्षरशः हात जोडले.

आता ज्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय ते. स्टोमा सिस्टर. (आतड्याचं पोटावर बाहेर काढलेलं तोंड म्हणजे स्टोमा, आणि त्याचं नि बॅगेचं सगळं बघणारी नर्स ती स्टोमा सिस्टर.)

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ४ वाजेपर्यंत कोणीच काही बोललं नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंची पोटावरची बॅग आहे, तिने फोनवर विचारलं, "मार्किंग झालं का?" मी म्हटलं कसलं मार्किंग. ती किंचाळलीच, अगं पोटावर स्टोमाची जागा आधी आखून ठेवतात! मग मी काउंटर ते वॉर्ड ते ओपीडी अशा चकरा मारल्या तेव्हा कळलं की सिस्टर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असतात आणि आज सोमवार. वॉर्डातल्या ज्युनियरचं म्हणणं, थिएटरमध्येच करून घेतील, काही फरक पडत नाही. फरक पडतो! मी तिथेच बसून राहिले, कोणीतरी सिस्टरांना फोन लावला, आणि त्या बाई आपली ड्यूटी नसताना स्कूटरवर साडेसहाला आल्या.

वीस मिनिटं. काळं मार्कर पेन आणि वीस मिनिटं. आधी बाबांना झोपवलं, मग बसवलं, मग उभं केलं, वाकायला लावलं. मग विचारलं, पायजमा की पँट? नाडी कुठे बांधता, बेंबीच्या वर की खाली? जेवायला टेबलावर की खाली? बाबा म्हणाले खाली, आणि पूजेलाही. तर त्यांनी पलंगावर मांडी घालून बसवलं, पोटाला कुठे घडी पडते ते बोटाने बघितलं, आणि ती घडी, नाडीची जागा, जुन्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा वण, सगळं चुकवून एक फुली मारली. मग विचारलं, "काकाजी, ये निशान आपको खुद दिखता है?" कारण स्वतःला दिसला नाही तर स्वतः बॅग बदलणार कसे. बाबांनी मान खाली घालून बघितलं, दिसत होता. मग एक रिकामी बॅग थोडं पाणी भरून त्या जागी चिकटवली आणि म्हणाल्या रात्रभर हिच्यासोबत झोपा. बाबा रात्री तिला थोपटत होते.

सात तासांच्या ऑपरेशनएवढंच महत्त्व मी त्या फुलीला देते. शेजारच्या खोलीतल्या एका काकांची जागा बरोब्बर पोटाच्या वळीत आली होती, इमर्जन्सीत झालं होतं त्यांचं, त्यांची बॅग दिवसातून दोनदा निघायची. बिचारे बसायलाच घाबरायचे.

सिस्टरांना पाचपैकी दहा. हॉस्पिटलच्या व्यवस्थेला, जिने ती बाई आठवड्यात दोनच दिवस ठेवलीय आणि ऑपरेशनच्या यादीशी तिचा मेळच घातलेला नाही, एक. आणि जवळजवळ २ लाख ८० हजार कॅशलेसमधून पास होऊन वरचे आम्ही भरले ते बिल तीन वेळा बदललं, त्याबद्दल शून्य. आयुष्मानचं ७० वर्षांच्या वरचं कार्ड चालेल का, या प्रश्नाला तीन खिडक्यांवर तीन उत्तरं मिळाली. ते कार्ड तुमच्या घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं आजच काढून ठेवा आणि ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी लेखी विचारा.

तेराव्या दिवशी घरी. त्याच्या आदल्या दिवशी स्टोमातून बाहेर आलेल्या दोन बारीक नळ्या काढल्या होत्या, पोटात घ्यायची रक्त पातळ करायची इंजेक्शनं एकूण चार आठवडे होती, ती मी द्यायला शिकले. डिस्चार्ज मात्र घाईघाईत, बरोबर फक्त दोन बॅगा, भोक आधीच कापलेल्या. तिसऱ्या रात्री २ वाजता आई हाक मारतेय, सगळं ओलं. चादर, गादी, बनियन. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे. ते काही बोलले नाहीत आणि मी पण नाही, टॉवेल आणले, दुसरी बॅग लावली, ती पाचला सुटली.

सकाळी जवळच्या मेडिकलवाल्याने जी बॅग दिली ती संडासच्या स्टोमाची निघाली. लघवीच्या बॅगेला खाली नळ असतो आणि आत एक पडदा असतो, लघवी उलटी वर जाऊ नये म्हणून. हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

मग गेले आरएनटी मार्गच्या दवा बाजारात. तिथे ज्या दुकानात पोहोचले ते एवढंसं, दोन माणसं उभी राहिली तर तिसरा बाहेर, पण दुकानदाराने आधी माल नाही दाखवला, मोबाईलमधला फोटो मागितला. स्टोमाचा फोटो बघून पहिलं वाक्य, "होल बड़ा कटा है." ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो, पुढे सहा-आठ आठवडे आकसत जातो, आणि आमच्या बॅगेचं भोक पहिल्या दिवसाच्या मापाचं. मधल्या रिकाम्या कातडीवर लघवी लागून ती सोलवटली, सोलवटलेल्या ओल्या कातडीवर बॅग चिकटत नाही, मग अजून गळते, अजून सोलवटते. त्यांनी मापाचं पुठ्ठ्याचं कार्ड फुकट दिलं, स्टोमापेक्षा फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठं कापा, दर आठवड्याला परत मोजा. स्टोमा पावडर दिली, तीही चिमूटभर आणि जास्तीची झटकून. आपली अंगाची टाल्कम नाही, तेल नाही, क्रीम नाही, साधं पाणी. बॅग हातात धरून दोन मिनिटं गरम करायची, लावल्यावर तळहाताने दाबून बसायचं. कोलोप्लास्ट, हॉलिस्टर, कॉन्व्हाटेक तिन्हींचे सॅम्पल दिले, म्हणाले कुठली चांगली ते मला विचारू नका, चमडी सांगेल. बाबांच्या कातडीने दहा दिवसांनी एक निवडली, कुठली ते लिहीत नाही नाहीतर तुम्ही तीच घ्याल.

आणि सगळ्यात मोठी टीप त्याच माणसाची. बॅग सकाळी उठल्या उठल्या बदला, चहाच्या आधी. रात्रभर पाणी प्यालेलं नसतं त्यामुळे लघवी कमी टपकते, कातडी कोरडी राहते. आमच्या घरी आजवर चहाच्या आधी काही झालेलं नाही, पण हे होतं. दर चौथ्या दिवशी बाबा आरशासमोर, बाथरूममधून आवाज येतो "कात्री!" आणि मग शांतता, आणि मग "ठेवा आधण".

दुकानाला पाच. बॅगा एमआरपीपेक्षा थोड्या कमीत देतात, बिल देतात, जिना अरुंद आहे, वयस्कर माणसाला नेऊ नका, फोटो न्या.

काही गोष्टी ज्या कोणी सांगितल्या नाहीत. लघवीत पांढरे धागे दिसतात, आई पू समजून रडली होती, तो आतड्याचा चिकट स्राव असतो, आतडंच आहे ते, त्याला काय माहीत आता आपल्यातून लघवी जाते. पाणी भरपूर प्यायचं. बॅग अर्धी भरायच्या आत रिकामी करायची, रात्री मोठी बॅग नळीने जोडायची. स्टोमा लाल असतो, गालाच्या आतल्या भागासारखा, हात लावला तर दुखत नाही, पुसताना किंचित रक्त आलं तर घाबरू नका, काळा पडला तर मात्र लगेच हॉस्पिटल.

आणि लघवीचा कल्चर रिपोर्ट. एका ड्यूटी डॉक्टरने बॅगेतलीच लघवी तपासायला पाठवली, साहजिक जंतू निघाले, आणि भारी अँटिबायोटिक लिहून दिलं. सिस्टरांनी फोनवरच थांबवलं. या लोकांच्या लघवीत जंतू असतातच, ताप, थंडी, कंबरेत दुखणं असेल तरच औषध, आणि तपासायची झाली तर बॅग काढून स्टोमात बारीक नळी घालून घ्यायची. पुढे एप्रिलमध्ये बाबांना खरंच हुडहुडी भरून ताप आला, ती किडनीची इन्फेक्शन होती, चार दिवस अॅडमिट. तेव्हा तेच औषध कामाला आलं.

आता सर्जनचा अर्धा स्टार. फॉर्मवर सही घेताना इंग्रजीत एक ओळ होती, त्याचा अर्थ असा की या ऑपरेशननंतर नवरा-बायकोचे संबंध पूर्वीसारखे राहणार नाहीत. ती ओळ कोणी वाचून दाखवली नाही. ७२ वर्षांचा माणूस, विचारणार नाही, असं धरून चालले. मी मुलगी, मला ते बोलता येईना, बाबांना माझ्यासमोर विचारता येईना, आई तर खोलीबाहेर. घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसवून पेशंटशी एकट्याशी बोलले असते तर काय बिघडलं असतं? दादा आला तेव्हा त्याने बाबांना डॉक्टरांना विचारायला लावलं, महिनाभर उशिरा.

काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट चांगला आला, कडा साफ, गाठींमध्ये काही नाही. सीटी चालू आहेत, वर्षाला बी-ट्वेल्व्ह बघायचं, आतडं थोडं कमी झालंय म्हणून.

रंगपंचमीला ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते आणि बाबांना राजवाड्याला गेर (इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक) बघायला जायचं होतं. डॉक्टर नाही म्हणाले, मी नाही म्हणाले, टँकरच्या फवाऱ्यात आणि त्या धक्काबुक्कीत कुठे. मेमध्ये मात्र सकाळी एकटेच गेले, पोहे-जिलबी खाऊन आले, जिलबीचा पुडा आईला. बॅग रिकामी करायला कुठे गेलात म्हटलं तर म्हणाले, "इंदूर आहे, मुताऱ्या स्वच्छ आहेत, उभ्याने झालं काम."

गेल्या आठवड्यात बॅगा आणायला मीच गेले तर दुकानदार म्हणाला बाबूजी दोनदा येऊन गेले, एका नवीन पेशंटला इथेच काउंटरवर कापून दाखवलं. जिना चढून! मला घरी काही सांगितलेलं नाही. आज विचारणार आहे.